हार घालायचा नाही

आमचे ड्रॉइंग मास्तर माणसाच्या तोंडाकडे ज्या तऱ्हेने बघायचे, ती सभ्य माणसाची तऱ्हा नव्हे. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "या मराठीच्या नव्या बाई." मी हात जोडले. मास्तरांनी जोडले नाहीत. डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलतं करून ते माझा चेहरा न्याहाळत राहिले आणि भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "बाई, नाक वडलांचं घेतलंय. हनुवटी मात्र तुमच्या घरात कुणाची न्हाय. आजोळी चौकशी करा."

मी तेव्हा नवी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेणारी मास्तरीण. अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन आईला सांगितलं, तर आई पोट धरून हसायला लागली. माझी हनुवटी म्हणे तिच्या मावशीची होती. ती मावशी मी कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती. वडलांना मास्तर पेठेत रोज येताजाता बघत होते, एवढ्या भांडवलावर त्यांनी आमच्या घराण्याचा पंचनामा केला होता. मास्तरांचं बरोबर निघालं म्हणून माझा राग कमी झाला नाही. उलट वाढला.

नावं मात्र त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. शाळेतल्या आम्ही सगळ्या शिक्षिका त्यांच्या लेखी नुसत्या 'बाई'. एकीनं ओ दिली की म्हणायचे, "तुमी न्हवं, हनुवटीवाल्या बाई." मुलांना तर काय वाटेल ते. "ए, थोरल्या भावाचे कान घेऊन आलास व्हय? त्याला जरा दे की परत!" वर्गात पहिले कितीतरी आठवडे ते फक्त शेजाऱ्याचा कान काढायला लावत. डोळे नाहीत, ओठ नाहीत, फक्त कान. इन्स्पेक्टरसाहेब आले, त्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?" मास्तर म्हणाले, "साहेब, तोंड खोटं बोलतंय. कान बोलत न्हाय." साहेबांनी नकळत स्वतःच्या कानाला हात लावला, ते मी स्वतः पाहिलं.

या खोडीपायी त्यांनी एकदा मारही खाल्ला. स्टँडासमोरच्या हॉटेलात दोन पाहुणे वेगवेगळ्या टेबलांवर एकमेकांकडे पाठ करून चहा पीत होते. मास्तर उठले, मधोमध उभे राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, "सख्खे चुलतभाऊ असून येगळं बसलाय व्हय रं?" ते खरोखर चुलतभाऊ होते. बांधावरून दोन घरांत वैर होतं आणि त्या दिवशी दोघेही कोर्टाच्या तारखेसाठी कोल्हापुरात आले होते. एकानं मास्तरांच्या अंगावर बशीतला चहा फेकला, दुसऱ्यानं मुस्कटात दिली. मास्तर गाल चोळत आमच्याकडे आले ते खुशीत. म्हणाले, "मारताना दोघांच्या भुवया अगदी एकसारख्या वर गेल्या बगा."

पांढरा लेंगा, गुडघ्यापर्यंतचा शर्ट, काळी टोपी. ब्रश पुसायला फडकं कधी घेतलं नाही, डावी बाही होती. त्यांच्या घरी गेलं की मास्तरीणबाई दोरीवरचा शर्ट दाखवून म्हणायच्या, "ह्यांचे कपडे मी धुवायचे, का फ्रेम करून लावायचे, तेवढं सांगा."

शाळेच्या पलीकडे मास्तरांचा खरा लौकिक वेगळ्याच कामात होता. कोल्हापुरात ब्रश धरणारी माणसं काही कमी नव्हती. सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवणारे होते, गणपती रंगवणारे होते, पेढीवर बसवायला आजोबांचं तैलचित्र काढून देणारे होते. पण त्या सगळ्यांना समोर फोटो लागायचा. मास्तरांना लागायचा नाही. ज्या घरातलं माणूस एकही फोटो न काढता गेलं, आणि खेड्यापाड्यांत तेव्हा बहुतेक सगळी तशीच जायची, ते घर मास्तरांकडे यायचं. मास्तर सगळ्या नातेवाइकांना सतरंजीवर ओळीनं बसवायचे. धाकट्या भावाचं कपाळ, बहिणीची मान, नातवाच्या जिवणीची ठेवण, असं एकेक निवडत त्या गेलेल्या माणसाला हळूहळू जमवायचे. काढून झालं की घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या सुनेला बोलावायचे. तिनं सासऱ्याचं चित्र बघून डोक्यावरचा पदर पुढे ओढला, की चित्र जमलं. नाही ओढला, की पुसून पुन्हा सुरुवात.

देवाचं चित्र मात्र ते काढत नसत. "बघितलेला न्हाय, तर काढू कसा?" मी एकदा पेचात पकडलं, "मग ही माणसं तरी तुम्ही कुठे बघितली आहेत?" मास्तर म्हणाले, "मी न्हाय बघितली. घरच्यांनी बघितल्यात की. देवाच्या घरचं कोण आलंय का माझ्याकडं?"

मी मात्र त्यांना चिडवायची, की तुमची सगळी माणसं एकाच गावची दिसतात. आणि ते खरंच होतं. नाकडोळे हुबेहूब, पण नजर किंचित वर लागलेली, ओठ मिटलेले, खांदे ताठ, मागे तपकिरी अंधार. स्वर्गात रांगेत उभी केल्यासारखी. मास्तर फणकारायचे, "ती मेल्यात बाई. आता काय दात काढून हसणार हायत?"

तानीची आई आली तेव्हा रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची, तो काळ. मधली सुट्टी संपत आली होती. स्टाफरूमच्या दारात एक बाई उभी. अंगावर इरकली लुगडं, पायांवर एसटीच्या प्रवासाची धूळ. गडहिंग्लजच्याही पलीकडच्या, कर्नाटकाच्या शिवेवरच्या एका खेड्यातनं आली होती.

"फोटू नसताना चित्र काढनारं मास्तर हितलंच न्हवं?"

"मीच की," मास्तर म्हणाले. "कोण वारलं?"

"कुनी वारलं न्हाई." बाईनं चौकट घट्ट धरली. "माजी तानी. मागल्या दिवाळीत नेली."

एक ओळखीचीच बाई गावात आली होती. चांगल्या घरची वाटावी अशी, गोड बोलणारी. मुंबईत मोठ्या घरात लेकरं सांभाळायचं काम आहे म्हणाली. कपडालत्ता, दोन वेळचं जेवण. जाताना तिनं तानीच्या हातात नव्या बांगड्या भरल्या आणि आईच्या पाया पडली. त्यानंतर काही कळलं नाही. दिलेल्या पत्त्यावर त्या नावाचं घरच नव्हतं. आई पोलिसांकडे गेली, तर त्यांनी फोटो मागितला. तो कुठून असणार? पुढचं आम्हाला आमच्या मुख्याध्यापकांच्या एका वकील मित्रानं सांगितलं. तशा बऱ्याच पोरी त्या भागातनं जात होत्या. कुणाला देवीच्या नावानं, कुणाला लग्नाच्या, कुणाला कामाच्या. शेवटी विकल्या जायच्या त्या एकाच बाजारात.

मास्तरांनी फार विचारलं नाही. "घरात कोण कोण हाय? सगळ्यांस्नी घेऊन या."

पुढच्या आठवड्यात तानीचा धाकटा भाऊ आला, आत्या आली. सतरंजी पसरली गेली. मास्तरांनी भावाचं कपाळ घेतलं, आत्याची हनुवटी घेतली, आईचे डोळे घेतले. चित्र झालं. आईनं ते लांबूनच बघितलं. "तानीच हाय," म्हणाली, पण पुढं आली नाही. मला ते खटकलं. मास्तरांना नाही खटकलं, त्यांनी हुबेहूब काढल्याचं समाधान आधीच करून घेतलं होतं.

चित्राखाली लिहायचं काम मराठीच्या बाईंकडे आलं. मी जीव ओतून लिहिलं, 'आम्हा सर्वांस अचानक सोडून गेलेली आमची प्रिय कन्या...' मास्तरांनी वाचलं आणि माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. "ही काय निधनवार्ता हाय?" मग त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. 'ही तानी. कामाला लावतो म्हणून हिला नेली. कुणाला दिसली तर तिच्या आईला कळवा.' खाली गावाचा पत्ता. इतकं रूक्ष मराठी मी जन्मात लिहिलं नव्हतं.

चित्र लागलं ते स्टँडासमोरच्या त्याच हॉटेलात. सगळ्या मार्गांवरचे ड्रायव्हर-कंडक्टर तिथं चहाला टेकायचे. मालकाला सगळे अण्णा म्हणायचे. पेठ वडगावकडचा, देवभोळा, मनानं मऊ माणूस. आपल्या वडलांच्या तसबिरीशेजारची चांगली जागा त्यानं तानीला दिली.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची, पोटाला घालणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा असते. शाळा लवकर सुटली आणि मास्तर मला म्हणाले, चला, अण्णाकडची जिलेबी खाऊ. अण्णानं भट्टी सारवली होती, कढईला हळदकुंकू लावलं होतं, तराजूला झेंडू बांधला होता. भिंतीवर गणपती, लक्ष्मी, त्याचे वडील. एकेकाला ताजा हार. आणि तानीलाही हार. कपाळाला कुंकू, पुढ्यात उदबत्ती.

आम्ही दारातच थबकलो. मी काही बोलणार, तोवर मागनं आमच्या दोघांच्या मधून तानीची आई आत गेली. दसऱ्याच्या गर्दीत काही खबर लागते का बघायला ती सकाळच्या गाडीनं आली होती. तिनं चित्राकडे बघितलं. बाकड्यावर चढली. हार असा ओढला की झेंडू सगळ्या टेबलांखाली सांडले.

"जित्या पोरीला हार?" ती किंचाळली. "माज्या जित्या पोरीला हार घातला व्हय रं?"

अण्णा हात जोडून रडायच्या बेताला आला. "अक्का, चुकलं. तसबीर दिसली की हार घालतोय मी. दरसालची सवय. घालत गेलो, तिला बी घातला."

ती उतरली, भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. मी तिच्याजवळ बसले. मास्तरांनी चित्र उतरवलं, काखेत मारलं आणि बाहेर पडले.

दसऱ्यानंतर शाळा उघडली तेव्हा ते मला म्हणाले, "अण्णाची काय चूक न्हाय. ते चित्रच हार मागत हुतं. मी तिला मेल्यागत काढली बाई. मला दुसरं काढताच येत न्हाय."

त्यांनी रजा टाकली आणि तानीच्या गावाला निघाले. पोरीबद्दल विचारायचं म्हणजे बायकामाणूस बरोबर हवं, म्हणून मला ओढलं. गडहिंग्लजपर्यंत एसटी, पुढे दुसरी, शेवटी पायी. मी वाटेत चपलांवरून आणि उन्हावरून त्यांना भरपूर बोलून घेतलं. ते ऐकत नव्हते.

तानीच्या घरी या वेळी सतरंजी नाही, कपाळं नाहीत. मास्तरांनी अंगणात बसकण मारली आणि विचारलं, "ती रागावली की काय करायची?"

आई उभी राहिली. एक हात कमरेवर ठेवला आणि मान अशी झटकली की आत्या खुदकन हसली. "काम सांगितलं की पयलं न्हाई म्हनायची," आत्या म्हणाली, "मग आपली आपन करायची. आनि उनात गेली की डोईवर पदर न्हाई. डावा हात असा कपाळावर, बोटं फाकून. बोटांच्या फटीतनं बगायची." भावानं तिच्या हसण्याची नक्कल केली. दातावर दात चढलेला डावीकडे की उजवीकडे, यावरून तिघांचं भांडण जुंपलं. बोलता बोलता ते सगळे हसायला लागले, आणि हसताहसताच आई रडायला लागली. मीही रडले. वर्षभर त्या घरात तानीचं नाव निघालं की फक्त अपशकुन निघत होता, आज तानी निघाली.

दुसऱ्या चित्रात ती उसाच्या बांधावर उभी होती. केस सुटलेले, डावा हात कपाळावर, बोटं फाकलेली, तोंड हसण्यानं उघडं, दातावर दात. मागं तपकिरी काही नव्हतं, ऊन होतं. आईनं बघितलं आणि तरातरा चित्राच्या पुढ्यात गेली. "हसतीस काय गं?" तिनं चित्राला दटावलं. "घरला ये की."

खाली तोच मजकूर घालून ते चित्र पुन्हा अण्णाकडे लागलं, आणि त्याच्या नकला करून मास्तरांनी त्या बाजारांच्या गावी लावल्या. त्याला पुढे कुणी हार घातला नाही. उलट हॉटेलात येणारी माणसं चहा पिता पिता तिच्याशी बोलायला लागली.

आणि मग इतर यायला लागले. वडगावच्या बाजूनं एक बाप आला, गगनबावड्याच्या घाटावरनं एक विधवा आली. मास्तर प्रत्येकाच्या गावी जायचे, एकच प्रश्न विचारायचे, "ती रागावली की काय करायची?" एक पोरगी शेणानं सारवताना, एक भावाला मारताना, एक चिंचेनं तोंड वाकडं करताना. गेलेल्या माणसांची कामं त्यांनी बंदच केली. एका घरचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. यजमान तावातावानं आले, तर मास्तर म्हणाले, "मेलेलं माणूस थांबतंय पावणं. ह्या पोरींना थांबायला येळ न्हाय."

चित्रं घेऊन ते आठवडी बाजारात उभे राहायचे, शाळांमध्ये जायचे. मोठ्या मुलींच्या वर्गात चित्र टेबलावर ठेवायचे आणि सांगायचे, "न्हेणारं माणूस राक्षसासारखं दिसत न्हाय, ध्येनात ठेवा. लई गोड दिसतंय. तुमच्या मावशीसारखं दिसतंय. पत्ता विचारा. घरातलं कुणीतरी आधी जाऊन ते घर बघून येऊ दे. तवर पाऊल उचलायचं न्हाय." आमच्या शाळेच्या कमिटीकडे तक्रारी गेल्या. असले विषय पोरींपुढे काढतात म्हणून मास्तरांना बोलावणं आलं. मास्तर टोपी नीट करून गेले आणि चार भारदस्त मंडळींच्या तोंडाकडे आपल्या पद्धतीनं बघून म्हणाले, "पोरींसमोर नको, तर कुणासमोर बोलू? तुमास्नी कोण पळवून न्हेणार हाय?"

नोकरी वाचली ती मुख्याध्यापकांना हसू आवरलं नाही म्हणून.

याचा उपयोग होतो का, असं मी विचारायची. मला तेव्हा सगळ्याचा उपयोग लगेच हवा असायचा. एक दिवस अण्णानं शाळेत निरोप धाडला. त्याच्या हॉटेलात घाटावरची एक पोरगी एका चांगल्या लुगड्यातल्या बाईबरोबर भजी खात बसली होती. मुंबईची गाडी लागायची होती. पोरगी शिकलेली होती. तिनं तानीच्या चित्राखालचा मजकूर मोठ्यानं वाचला आणि बरोबरच्या बाईला सहज विचारलं, "हिला बी कामच लागलं हुतं, व्हय मावशी?" मावशी ताट तसंच टाकून उठली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. आम्ही पोचलो तेव्हा पोरगी एकटीच भज्यांपुढे बसली होती. मास्तर तिच्यासमोर बसले आणि ढसाढसा रडले. तिला काही कळेना. तिनं एक भजं त्यांच्यापुढे सरकवलं.

तानी मात्र सापडत नव्हती. आई यायची, चित्राला रागवायची, जायची. मास्तर वरवर तिला धीर द्यायचे, पण ती गेली की माझ्यावर खेकसायचे. तानी परत येणं हेच त्यांच्या सगळ्या खटाटोपाचं माप होऊन बसलं होतं.

आणि ती सापडली. मुंबईच्या गाडीवरचा एक कंडक्टर धावतच हॉटेलात आला. मुंबईत एका सरकारी दवाखान्याच्या आवारात, बायकांच्या रांगेत त्यानं तिला पाहिली होती. "तोंड पार बदललंय मास्तर. तोंडावरनं मी वळखली नसती. पर ऊन लागलं आणि तिनं हात असा धरला की! बोटं फाकून!" पुढचं सगळं मी सांगत बसत नाही. ते सोपं नव्हतं. आमच्या मुख्याध्यापकांचे वकील मित्र आणि तानीची आई त्या कंडक्टरबरोबर मुंबईला गेले. पोलीस, कोर्ट, बायकांचा आश्रम, कागदांवर कागद. महिन्यांमागून महिने गेले. शेवटी आईच्या ताब्यात लेक मिळाली.

ती येणार त्या दिवशी मास्तरांनी धुतलेल्या बाह्यांचा शर्ट घातला. मास्तरीणबाईंनाही नवल वाटलं. अण्णाच्या हॉटेलात पेढे, चित्राखाली रांगोळी, सगळे ड्रायव्हर-कंडक्टर गोळा. गाडी लागली. आई उतरली, मागनं तानी उतरली. खंगलेली, मान खाली. ती हॉटेलच्या पायरीपर्यंत आली आणि तिनं वर बघितलं. भिंतीवर ती हसत होती. सगळं हॉटेल एकदा चित्राकडे बघत होतं, एकदा तिच्याकडे. मागनं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "हीच ती! मुंबईला इकलेली!"

तानीनं पदरानं तोंड झाकलं आणि माघारी वळली. मी मायलेकींना रिक्षात घालून माझ्या घरी आणलं. मागोमाग मास्तर आले, हातात पेढ्यांचा पुडा तसाच.

तानी कोपऱ्यात बसली होती. आवाज अगदी शांत. "मास्तर, मला हुडकायला तुमी माजं तोंड गावोगाव लावलं. लई उपकार झालं. आता मी घावली. आता ह्ये तोंड घेऊन मी जाऊ कुठं?"

मास्तरांनी पुडा जमिनीवर ठेवला आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून जिथं जिथं तानीचं चित्र होतं, तिथं तिथं ते स्वतः गेले आणि उतरवून आणलं. गडहिंग्लज, वडगाव, बाजारांची गावं. अण्णा विनवत होता, "ऱ्हाऊ दे की मास्तर, लई नशीबवान चित्र हाय." मास्तर म्हणाले, "पोरगी घरला आली. आता चित्रानं बी घरला जावं."

सगळी चित्रं त्यांनी आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि काम थांबवलं. इतर पोरींचंसुद्धा. गावोगावचे आईबाप येऊन माघारी जायला लागले. मी भांडायला गेले. असा पळपुटेपणा तुम्हाला शोभत नाही, इथवर बोलले. मास्तर म्हणाले, "बाई, एकीला आणायची म्हणून मी तिलाच बाजारात मांडली. न्हेणाऱ्यांनी दुसरं काय केलतं?" मी चपला घातल्या आणि घरी आले.

मग एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, तानी आणि तिची आई मास्तरांच्या घरी आल्या. मास्तरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. तानीनं विचारलं, "माजी चित्रं कुठं हायत?" मास्तरांनी एक चित्र वळवून ठेवलं. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"अशी हसायची व्हय मी?"

"हसायचीस," आई म्हणाली. ती उंबऱ्याशी बसून मास्तरीणबाईंच्या शेंगा फोडू लागली होती.

तानीनं चित्रातल्या फाकलेल्या बोटांवर आपली बोटं ठेवून बघितली. मग म्हणाली, "मास्तर, माज्या संगं एक पोरगी हुती. आजून तितंच हाय. बारकी असताना नेलीया. गाव कुठलं, आईबाप कोन, तिचं तिलाच सांगता येत न्हाई. तिला हुडकाय कोन येनार? मी सांगती, तुमी तिचं चित्र काढा."

मास्तरांनी मान हलवली. "नको पोरी. तुझं झालं तेच तिचं हुईल."

"हूं दे," तानी म्हणाली. "हितं आल्यावर मला लाज वाटली मास्तर. तितं असताना न्हाई वाटली. तितं रोज वाटायचं, कुनीतरी मला वळखावं. ती आली की तिचं चित्र उतरवून टाका, माजं उतरवलं तसं. पर आदी यू तर द्या."

मास्तर उठले. कपाटातनं रंग काढले, वाळून घट्ट झालेला ब्रश तेलात बुडवून ठेवला. मग तानीसमोर बसले आणि विचारलं, "रागावली की काय करती?"

"रागवत न्हाई ती. पर हसताना दोनी हातानं आपलं कान धरती." तानीनं धरून दाखवले. आणि तशी धरून बसली असतानाच ती स्वतः थोडीशी हसली. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

दोन-चार शनिवार तानी येत राहिली. कान धरून हसणारी एक गोलमटोल पोर हळूहळू कापडावर आली. मास्तरांना असं रंगवताना मी कधीच पाहिलं नव्हतं. प्रत्येक रेघ तानीला विचारून, अगदी शाळकरी पोरासारखी. शेवटी त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "लिवा बाई."

मी 'ही' एवढं लिहिलं आणि थांबले. "नाव?"

"तितं ठेवलेलं हाय एक," तानी म्हणाली. "ते नको."

"बरं. मग कळवायचं कुणाला?" प्रत्येक चित्राखाली कुणाच्या तरी आईचा पत्ता असायचा. या पोरीला तो नव्हता. मी मास्तरांकडे बघितलं, मास्तर तानीकडे. शाळेचा पत्ता घालावा, असं माझ्या मनात आलं होतं.

"माजा घाला की," उंबऱ्यावरनं तानीची आई म्हणाली.

तानी वळली. "अव्वा, ती आपली कोन?"

"कोन का असंना. दारात आली तर माघारी धाडू व्हय?" तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, तरी ब्रशच्या टोकाकडे बघत राहिली. "लिवा बाई. हिची आई हितं ऱ्हाती."

मास्तरांनी खिडकीजवळच्या दिवाणावरनं उठून मला उजेड मोकळा केला, आणि मी तसंच लिहिलं.